कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी नव्हे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या गाड्यांचा तक्ता असतो: मॉडेल, वर्ष, किलोमीटर, इंधन, किंमत. त्याखालचा सल्लाही ठरलेला. कमी चाललेली पाहा, एका हातची पाहा, रंग चकाचक आहे का पाहा. ज्याची गाडी ऐन गरजेच्या वेळी बसली आहे आणि ज्याच्याकडे मोजकेच पैसे आहेत, तो या सल्ल्यावर विसंबून गाडी घेतो आणि दोन महिन्यांत ती ढकलत गॅरेजमध्ये आणतो. गाड्या खोलणे-जोडणे हाच आमचा व्यवसाय, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी किलोमीटरबद्दल. १० वर्षांत ३०,००० किलोमीटर चाललेली गाडी ऐकायला गोड वाटते. हिशेब करा: वर्षाला ३,०००, म्हणजे दिवसाला आठ-नऊ किलोमीटर, आणि तेही बहुधा दोन-तीन तुकड्यांत. एवढ्या अंतरात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) जेमतेम तापते, ऑइल त्याहून उशिरा. न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मुरत राहते, उडून जाण्याइतकी उष्णताच मिळत नाही. सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी त्याला आतून कुजवते. बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण कडेला बारीक भेगा असतात. सील, होस पाइप, इंजिन माउंटिंग यांचे रबर वयाने कडक होते. त्याला मीटरशी देणेघेणे नसते. उलट ६ वर्षांत सव्वा लाख किलोमीटर हमरस्त्याने चाललेली, दर १०,००० ला ऑइल बदललेली आणि त्याची बिले जपलेली गाडी असेल तर आम्ही ती आधी बघायला जाऊ. शिवाय मीटर मागे फिरवता येतो, डिजिटल असला तरीही. क्लच पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे चकाकलेले, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली आणि मीटरवर मात्र ४०,००० असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

गाडी खरोखर बदलायलाच हवी का, हे न ठरवताच पुष्कळ जण बाजारात उतरतात. क्लच, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले सील), स्टिअरिंग रॅक ही कामे खर्चिक खरी, पण एकदा नीट केली की संपतात, आणि आपल्या गाडीने काय काय सोसले आहे ते आपल्याला ठाऊक असते. नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीचे तसे नसते. गाडी सोडून देण्याची वेळ येते ती पत्रा कुजल्यावर. दाराखालचा पट्टा आणि सस्पेन्शन बॉडीला जिथे बोल्टने बसते ती जागा, इथे जाड पेचकस टेकवून दाबा. तो आत घुसला, तर इंजिन कितीही चांगले असू दे, त्यात पैसे घालू नका.

आता पैशांबद्दल. हातातल्या रकमेचे पाच भाग करा. विमा आणि गाडी नावावर करण्याचा खर्च धरून चार भागांत खरेदी बसवा. पाचवा भाग गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात लागतोच. तो नसेल तर माणूस टायमिंग बेल्ट (त्याबद्दल पुढे) पुढच्या महिन्यावर ढकलतो, टायर पुढच्या वर्षावर, आणि ‘गाडीच खराब निघाली’ म्हणून मोकळा होतो. त्याच पैशांत मोठी, एकेकाळी महागडी असलेली गाडी मिळत असेल तर मोह आवरा. जुनी झाल्यावर तिची किंमत छोट्या गाडीइतकी उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. एअर सस्पेन्शनची एक पिशवी फुटली की हा फरक कळतो.

यंत्र कोणते निवडावे? कमी बजेट असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न फवारता इनटेक पोर्टमध्ये फवारणारे, आणि मॅन्युअल गिअर किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा) साधा ऑटोमॅटिक. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळी धरते आणि काही वर्षांनी इंजिन अडखळू लागते. डिझेल वाईट नाही, पण ते लांब पल्ल्याच्या माणसाचे. अलीकडच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला गाडी बराच वेळ, साधारण २० मिनिटे, सलग वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटर जाणाऱ्याचा फिल्टर तुंबणारच. त्यात इंजेक्टर, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषणारे दुहेरी फ्लायव्हील) जोडा. यातले एक काम निघाले तरी तुमचा पाचवा भाग संपला. कोरड्या क्लचचे ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि इतिहास माहीत नसलेले सीव्हीटी (पायऱ्या नसलेले, पट्ट्यावर चालणारे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) यांपासून कमी पैसेवाल्याने लांबच राहावे. ‘गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभराचे आहे’ असे विकणारा सांगेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदलायला सांगते.

नव्या मॉडेलचे पहिले वर्ष टाळा. कारखान्यातल्या चुका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुधारलेल्या असतात. आणि जे इंजिन एकाच कंपनीच्या चार-पाच मॉडेलांत वर्षानुवर्षे बसवले गेले, त्याचे पार्ट मिळतात, त्याचे दुखणेही मेकॅनिकला पाठ असते. बोधचिन्ह पाहून गाडी निवडण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

ज्या एका प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याकडून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, तो असा: पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन? बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला, आणि बिल कुठे आहे? बेल्ट बदलण्याची मुदत कंपनीगणिक बहुधा ६०,००० पासून दीड लाख किलोमीटरपर्यंत असते, आणि त्यासोबत बहुतेक वेळा वर्षांचीही मर्यादा असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. म्हणजे ३०,००० चाललेल्या १० वर्षांच्या गाडीचा बेल्टही बहुतेक वेळा संपलेलाच धरायचा. बहुसंख्य इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह उघडे असतानाच पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड खाली उतरवावे लागते. कधी कधी पिस्टनही जातो. बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप सोबत बदलावा. जुना पंप सहा महिन्यांनी गळला तर सगळी उघडझाक पुन्हा करावी लागते आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे धरून किंमत बोला. ‘बदललाय हो, आत्ताच’ हे बिल नव्हे. काही इंजिनांत बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला चालतो. तिथे चुकीचे किंवा शिळे ऑइल वापरले की बेल्टचे रबर सुटते, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन कोरडे पडते. असे इंजिन इतिहासाशिवाय घेऊच नका. चेन असेल तर ती आयुष्यभर पुरते असे समजतात, पण वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनात तीही ताणते. थंड इंजिन सुरू करताच पहिले काही सेकंद येणारी खळखळ ही तिची खूण.

म्हणूनच गाडी थंड पाहिजे. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर पहिले काम बॉनेटवर हात ठेवायचा, मग रेडिएटरच्या वरच्या पाइपवर. कोमट लागले तर परत कधी येऊ ते विचारा आणि निघा. आधीच तापवलेल्या गाडीत नेमकी तीच दुखणी लपतात, जी बघायला तुम्ही आलेले असता.

इंजिन थंड असतानाच ऑइल फिलरचे झाकण काढा. खाली दह्यासारखा पिवळसर फेस दिसला तर लगेच घाबरू नका. थोड्या-थोड्या अंतराला वापरलेल्या गाडीत, थंडीत, नुसत्या वाफेनेही तो धरतो. डिपस्टिकवरचे ऑइलही तसेच दुधाळ असेल किंवा कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग असेल, तर मात्र हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. कूलंटचा रंग गढूळ तपकिरी असेल तर कित्येक वर्षे साधे पाणी घालून चालवले आहे. मग सेल्फ मारा. किती वेळ फिरतो ते बघा. ऑइलचा दिवा सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. त्याआधी, नुसती चावी फिरवल्यावर, सगळे दिवे एकदा लागतात की नाही तेही पाहा. एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर तो बिघाड नसल्यामुळे नव्हे, बहुधा कोणीतरी तो काढून टाकला म्हणून.

दुसरा माणूस सायलेन्सरकडे उभा करा. थंड हवेत पांढरी वाफ निघते आणि काही मिनिटांत विरते, त्यात काही नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतेय. सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. हे काम त्यामानाने छोटे. रेस दिल्यावर, चढावर जोर लावल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन काम. याची दुसरी खूण: इंजिन चालू असताना ऑइल फिलरचे झाकण सैल करून त्या तोंडावरच ठेवा. ते थरथरत उडायला लागले, आतून वाफेचे फटकारे आले, तर बॅक कॉम्प्रेशन मारतेय, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांवरून खाली निसटतोय. हेड गॅस्केटचा संशय उरला तर मेकॅनिककडे रासायनिक द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्या निळ्या द्रवातून ओढतात. जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रव पिवळा पडतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण फार थोडे लोक ते करून घेतात.

इंजिन तापत असताना बॉडी पाहून घ्या. इथेही सल्ला उलटा हवा: रंग चकाचक आहे का हे न बघता, बोल्ट बघा. बॉनेटच्या बिजागरीचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट कारखान्यात रंगासह बसतात. त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग पान्याने उडाला असेल तर तो भाग निघालेला आहे. बॉनेटच्या आत, दिव्यांच्या मागच्या पत्र्यावर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असायला हवेत, दोन्ही बाजूंना सारखेच. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग बहुधा १०० ते १८० मायक्रॉनच्या घरात येतो. ३०० च्या वर दुसऱ्यांदा रंग, आणि ७००-८०० ला गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरली आहे. दारावर ओरखडा गेला म्हणून रंगवले असेल तर हरकत नाही. छताच्या खांबावर किंवा चॅसीच्या पुढच्या दोन दांड्यांवर असे आकडे आले तर गाडी सोडा. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा जुळवा. पुढची काच दगडाने फुटते, बदलली जाते. दाराची काच बदललेली असेल तर का, ते विचारा.

पुरात बुडालेली गाडी धुऊन, वास घालवून विकली जाते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला पाण्याची रेष किंवा गाळ दिसतो, कारण तिथपर्यंत कोणी साफ करत नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला बारीक गाळ, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर. यातले एक जरी दिसले तरी नको. अशा गाडीचे इंजिन चालते, पण वायरिंग वर्षभर एकेक करून दगा देते, आणि तो बिघाड शोधण्याची मजुरी पार्टपेक्षा जास्त होते.

चॅसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात. तो काचेखाली, दाराच्या खांबावर, बॉडीवर कोरलेला असा जिथे जिथे आहे तिथे आणि कागदांवर एकच असला पाहिजे. हाच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या (सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावण्याच्या) पानावर टाकून पाहा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचा रिकॉल हा वाहन उद्योगातला आजवरचा सर्वांत मोठा. त्यातल्या इन्फ्लेटरमधले (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातले) अमोनियम नायट्रेट उष्णतेने, दमटपणाने आणि वयाने बिघडते आणि फुगवताना धातूचे तुकडे उडवते. अनेक कंपन्यांच्या जुन्या गाड्यांत ते बसले आहे आणि रिकॉलमध्ये बदल फुकट होतो, तरी कित्येक गाड्या तशाच हातोहात फिरत राहतात. गाडीवर कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावाही याच वेळी मागा.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर आता कोणीही वापरू शकतो. बिघाडाचा कोड नाही म्हणून समाधान मानू नका. ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ हा आकडा पाहा. तो १२ किलोमीटर निघाला तर काल रात्री कोणीतरी दिवा पुसला आहे. मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) ‘तयार नाहीत’ असे दाखवत असतील तर तोच अर्थ. ते पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. तापलेल्या इंजिनात लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणात संगणकाने केलेली दुरुस्ती) अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असावे. कूलंटचे तापमान बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंशांदरम्यान स्थिरावते. ७० च्या पुढे जातच नसेल तर थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला आहे किंवा काढून फेकला आहे, आणि तो का काढला, हा पुढचा प्रश्न.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) वरून डी (पुढे) आणि मग आर (मागे) टाका. साधारण एका सेकंदात, धक्का न देता गाडीने गिअर पकडला पाहिजे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वेगात घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि डावीकडे वळताना तो वाढत असेल तर उजव्या चाकाचे बेअरिंग, कारण वजन तिकडे जाते. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क.

टायर हे गाडीचे बोलके कागद. आतली कड खाल्लेली असेल तर अलाइनमेंट किंवा बुश, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, नक्षी लाटांसारखी उंचसखल झाली तर शॉकअप. नक्षी १.६ मिमीवर आली की अनेक देशांत टायर कायद्याने बाद. आमच्या मते ३ मिमीला बदलावा. कडेवरच्या चार आकड्यांत वय असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि सगळ्यांत स्वस्त असतील, तर त्या मालकाने ऑइल कोणते घातले असेल याचा अंदाज करा.

एवढे सगळे जमले तर गाडी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. तासाभराची मजुरी जाते. विकणारा तयार नसेल तर तेवढ्यावरच निर्णय झाला.

पाचव्या भागातून पहिल्या आठवड्यात करायची कामे: इंजिन ऑइल (छोट्या गाडीला साधारण ३ ते ४ लिटर, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच) आणि फिल्टर, एअर फिल्टर, बिल नसलेला बेल्ट, जुने कूलंट पूर्ण काढून नवे. दोन जातींचे कूलंट मिसळू नका, काही मिसळली की गाळ बसतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर उकळून पेडल मऊ पडते. त्याला १ लिटर पुरते. बंद गाडीत बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती चार्ज करून पुन्हा मोजा. चालू गाडीत १३.५ च्या खाली राहिली तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट तपासा, मग बॅटरी घ्या. पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत दर आठवड्याला डिपस्टिक काढून पाहा. ऑइल किती खाते, ते विकणारा सांगत नाही.

संपादक महाशय, आपल्या तक्त्यात किलोमीटरच्या शेजारी एक रकाना वाढवता आला तर पाहावे: टायमिंग बेल्ट की चेन, आणि बेल्ट असल्यास किती किलोमीटरला व किती वर्षांनी. ही माहिती बहुतेक मॉडेलांच्या सर्व्हिस पुस्तिकेत छापलेली असते. जागा कमी पडत असेल तर रंगाचा रकाना काढला तरी चालेल.

आपले,
वाहन तपासणी व दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक